काजवे, उलटा धबधबा आणि रांजणखळगे

प्रश्न : भंडारदऱ्याला काजव्यांनी झाड पेटल्यासारखं दिसत होतं, पण फोनच्या व्हिडिओत नुसता दाणेदार काळोख आला. काय चुकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : चूक तुमची नाही. व्हिडिओ सेकंदाला निदान २४ फ्रेम टिपतो, म्हणजे एका फ्रेमला फार तर १/२४ सेकंद उजेड मिळतो. काजव्याचा मंद ठिपका तेवढ्यात उमटत नाही. नाइट मोडचाही उपयोग नाही. तो अनेक फोटो एकमेकांत मिसळताना जागा बदलणारे ठिपके ‘कचरा’ समजून पुसून टाकतो.

म्हणून फोटो काढा आणि त्यांचा व्हिडिओ करा. अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिले मोठे पाऊस लागण्याआधीचा काळ सगळ्यात भरवशाचा. उजेड असतानाच ट्रायपॉड लावून झाडावर मॅन्युअल फोकस करून ठेवा. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो. संधिप्रकाशात झाडाचा एक फोटो घ्या, तो पार्श्वभूमीला लागेल. पुढे ट्रायपॉड हलवायचा नाही. प्रो मोडमध्ये (जिथे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर १५ सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १६००, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगछटा ४००० केल्विनवर पक्की, आणि टायमर २ सेकंदांचा, म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही. असे ६० फोटो घ्या. साधारण १७ मिनिटं लागतात. एडिटिंगमध्ये ते संधिप्रकाशातल्या फोटोवर ‘लाइटन’ पद्धतीने (प्रत्येक ठिकाणचा जास्त उजळ ठिपका राखून) एकावर एक चढवा. पहिल्या फ्रेमला एक फोटो, दुसरीला दोन, असं वाढवत सेकंदाला १२ फ्रेम ठेवल्या की ५ सेकंदांत झाड भरत जातं. स्थिर चित्र हवं असेल तर १५-२० फोटोच पुरेत. दोनशे चढवले तर झाड लग्नघराच्या रोषणाईसारखं दिसतं. आणि फोटो जोडून केलंय, हे खालच्या ओळीत लिहा.

टॉर्च लावू नका, झाड हलवू नका. ती चमक नर-मादीची एकमेकांना खूण असते. आपल्या उजेडात ती हरवते. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी ठेवा. गाड्यांच्या हेडलाइट ज्या वळणावरून थेट येतात, तिथे उभंच राहू नका. एक गाडी आली की फोटो गेला.

प्रश्न : नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याचा व्हिडिओ टाकला, तर सगळे म्हणाले, ‘क्लिप उलटी चालवलीय.’ (एक वाचक, ठाणे)

उत्तर : म्हणणारच! कोकणातून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळून वर उसळतो आणि पाणी सोबत नेतो. नुसतं पाणी टिपलं तर पुरावा कुठे? चौकटीत चालणारा माणूस किंवा ओढली जाणारी छत्री असू द्या. क्लिप उलटी असती तर माणूस मागे चालला असता. कॅमेरा न हलवता २-३ मिनिटं सलग चित्रण ठेवा. वारा पडला की तेच पाणी खाली येतं, आणि तो बदल एकाच शॉटमध्ये मिळाला की वाद संपतो.

स्लो मोशन शक्यतो टाळा. १२० फ्रेमचं चित्रण ३० ने चालवलं की चौपट संथ होतं आणि वाऱ्याचा जोर मरतो. पाण्यामागे आकाश नको, काळा कातळ हवा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं. धुक्यात फोन चित्र गडद करतो, म्हणून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) +०.७ करून लॉक करा. ट्रायपॉडला पिशवी लटकवलीत तर ती जमिनीला टेकलेली हवी. झोके घेणारी पिशवी स्टँडच हलवते. एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. पोहोचण्याच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा. आवाज फोनच्या माइकवर घेऊ नका, नुसती फडफड येते. केसाळ कव्हरचा छोटा माइक वाऱ्याकडे पाठ करून धरा. कड्याच्या काठावर मात्र ट्रायपॉडही नको आणि तुम्हीही नको.

प्रश्न : निघोजचे रांजणखळगे व्हिडिओत डबकी वाटतात. (एक वाचक, शिरूर)

उत्तर : दुपारी गेला असाल. कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसॉल्टमध्ये कोरलेले हे खळगे डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, म्हणजे काठाची सावली आत पडून खोली कळते. फोन काठाजवळ गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा आणि जागेवरून वळवण्याऐवजी तीन-चार पावलं बाजूला सरका. जवळचा काठ दूरच्यापेक्षा वेगाने सरकतो, तीच खोली. पलीकडच्या काठावर कुणाला तरी उभं करा. ओला कातळ बुळबुळीत असतो आणि खळगे खोल, तेव्हा फोनकडे बघत चालू नका.