अधिवृक्क: ‘अधिक’ नव्हे, आणि क एक नव्हे, दोन

प्रश्न असे आहेत: ‘अधिवृक्क म्हणजे जास्तीचं मूत्रपिंड का? वृक्क लिहिताना क एक की दोन? आणि हल्ली सारखा कानावर पडणारा “अधिवृक्क थकवा” हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?’

पहिल्याचं उत्तर: नाही. ‘अधि’ दिसला की लोकांना ‘अधिक’ आठवतो, मग अधिक महिना आठवतो आणि मूत्रपिंडाचीही एक वाढीव प्रत तयार होते. इथला ‘अधि’ म्हणजे ‘वर बसलेला’. याला खुद्द पाणिनीची साक्ष आहे. उपत्यका आणि अधित्यका हे शब्द साधताना तो सांगतो की ‘उप’ आसन्न, म्हणजे जवळच्या अर्थी घ्यावा आणि ‘अधि’ आरूढ, म्हणजे वर चढलेल्या अर्थी. डोंगराच्या पायथ्याची जमीन ती उपत्यका, माथ्यावरची ती अधित्यका. वृक्कावर, म्हणजे मूत्रपिंडावर, आरूढ झालेली ग्रंथी ती अधिवृक्क, इतकं हे सरळ आहे.

तरीही या ग्रंथीच्या इंग्रजी नावाचं, ‘ॲड्रिनल’चं, शब्दशः भाषांतर म्हणून ‘उपवृक्क’ सुचवणारे भेटतात. त्यांचं लॅटिन पक्कं आहे: ‘ॲड’ म्हणजे जवळ, ‘रेन’ म्हणजे मूत्रपिंड. पण भाषांतर शब्दाचं करायचं की जागेचं? युस्टाची या इटालियन शरीररचनाकाराने १५६३ साली या ग्रंथींचं वर्णन केलं ते ‘मूत्रपिंडांवर टेकलेल्या ग्रंथी’ असं. ग्रीकमध्ये ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड. म्हणून ॲड्रिनलिन आणि एपिनेफ्रिन ही एकाच द्रव्याची नावं, एक लॅटिनमधून आलेलं, दुसरं ग्रीकमधून. आपला ‘अधिवृक्क’ ग्रीक बाजूचा आहे आणि तीच बाजू शरीराला धरून आहे.

‘जास्तीचं मूत्रपिंड’ हा समज शरीररचनाही टिकू देत नाही. प्रत्येकी जेमतेम ४ ते ५ ग्रॅमच्या या ग्रंथी. उजवी टोपीसारखी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी आणि जराशी आतल्या अंगाला सरकलेली. मूत्रपिंडाशी यांचा संबंध शेजाराचा. जन्मतः एका बाजूचं मूत्रपिंड नसेल, तरी त्या बाजूची अधिवृक्क ग्रंथी बहुधा जागेवर असते; टेकायला खाली काही नसल्याने ती चपटी, तबकडीसारखी आडवी दिसते एवढंच. मूत्रपिंड भलतीकडेच, ओटीपोटात वगैरे राहिलं, तर ग्रंथी त्याच्या मागे जात नाही. रक्तपुरवठ्याचा थाटही वेगळा: धमन्या तीन बाजूंनी येतात आणि बाहेर पडणारी मुख्य शीर मात्र एकच. डावी शीर डाव्या वृक्कशिरेला मिळते. उजवी अगदी आखूड, ती थेट अधोमहाशिरेत, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेत, उघडते. शल्यविशारद उजवीकडे जास्त सावध असतात ते याचमुळे: ती आखूड शीर फाटली तर रक्तस्राव थेट महाशिरेतून होतो.

आता क एक की दोन. दोन. एक क लिहिलात तर लांडगा होतो. वृक म्हणजे लांडगा, वृकोदर म्हणजे लांडग्यासारखं पोट असलेला भीम. त्याच्या मूत्रपिंडांविषयी महाभारताची काही तक्रार नाही. आणि हे दोन क आले कुठून, यातच खरी गंमत आहे.

वृक्क हा मुळात ‘वृत्क’ असावा. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन इराणी धर्मग्रंथात, त्याचं भावंड ‘वॅरॅध्क’ आहे. संस्कृतने मधला त् गिळला आणि भरपाई म्हणून क दुहेरी केला. इराणकडच्या फांदीत वेगळंच घडलं. तिथे शब्दारंभीच्या ‘वृ’चा कालांतराने ‘गुर’ झाला आणि त् मऊ होऊन द उरला. मध्य फारसीत ‘गुर्दग’, पुढे शेवटचा ग गळून ‘गुर्दा’. होय, तोच गुर्दा! म्हणजे ‘गुर्दा परका, वृक्क आपला’ असं बजावणारे शुद्धिवादी एकाच आईच्या दोन लेकरांपैकी एकाला घरात घेतात आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करतात. उलट, संस्कृतने हरवलेला तो त् फारसीनेच द करून सांभाळला आहे.

हा योगायोग नाही, नियम आहे. लांडग्यालाही तो लागू पडतो: वृक, फारसीत गुर्ग. सुरुवातीचा ‘वि’ही असाच ‘गु’ होतो. विनाशातल्या ‘वि’ आणि ‘नश्’ यांचे इराणी भाऊबंद एकत्र येऊन मध्य फारसीत ‘विनाह’ झाला, मग ‘गुनाह’, आणि मराठीत आला तो ‘गुन्हा’. ‘वितरण’मधला ‘वि’ आणि ‘तृ’ यांच्या फारसी जोडीतून ‘गुजर’, त्यातून आपली ‘गुजराण’. व्युत्पत्तीच्या जागी नुसतं ‘फा.’ छापून मोकळे होणारे कोश इथे वाचकाची फसवणूक करतात. शब्द कुठून आला ते सांगतात, तो कोणाचा कोण ते सांगत नाहीत.

जाता जाता आणखी एक. चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचं, म्हणजे चरबी वाहून नेणाऱ्या मार्गांचं, मूळ सांगितलं आहे. मूत्रवह स्रोतसांचं मूळ बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ). म्हणजे वृक्काचं नातं तिथे चरबीशी जोडलेलं आहे. चरबीच्या जाड गादीत रुतलेला हा अवयव पाहून तसं वाटलं असावं, असा आपला तर्क. अधिवृक्क ग्रंथीही त्याच गादीत दडलेली असते. ‘मूत्रपिंड’ हा शब्द कार्य सांगतो, ‘वृक्क’ काहीच सांगत नाही. म्हणूनच अधि, अंतर, बहिर् असे उपसर्ग लावायला तो सोयीचा. ‘अधिमूत्रपिंड’ म्हणून पाहा, जीभ अडखळते.

आता थकवा. ‘अधिवृक्क थकवा’ नावाचं निदान अंतःस्रावशास्त्र मानत नाही. ताणाने ग्रंथी दमते, रस कमी गाळते आणि म्हणून माणूस मरगळतो, अशी ही कल्पना. पण ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालतच नाही. मेंदूतला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) पोष ग्रंथीला (पिट्युटरीला) इशारा देतो, पोष ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक सोडते, त्यावर अधिवृक्काचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक बनवतं, आणि वाढलेलं कॉर्टिसोल वरच्या दोघांना लगाम घालतं. ताण वाढला की हुकूम वाढतो आणि उत्पादनही वाढतं. शिवाय कॉर्टिसोल सकाळी उच्चांकावर आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, म्हणून दुपारी केव्हातरी काढलेल्या एका आकड्यावरून ‘थकवा’ सिद्ध करणं म्हणजे ओहोटीला समुद्र आटला म्हणण्यासारखं.

जे खरोखर घडतं त्याला शब्द आहे: अपुरेपणा. त्याच्या दोन जाती आहेत. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये वर्णन केलेला तो प्राथमिक, ज्यात ग्रंथीच नष्ट होते. त्या काळी मुख्यतः क्षयाने, आता अनेक देशांत बहुतेकदा स्वप्रतिकाराने, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेल्या हल्ल्याने. लगाम सुटल्यामुळे एसीटीएच भरमसाट वाढतं, ते त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं, आणि तळव्यांच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडतात. मीठ राखणारं याच ग्रंथीचं दुसरं संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, तेही गेल्यामुळे सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, उभं राहताच रक्तदाब घसरतो, मीठ खावंसं वाटतं. दुय्यम प्रकारात बिघाड वरून, पोष ग्रंथीतून: एसीटीएचच कमी, म्हणून काळवंडणं नाही. अल्डोस्टेरॉनचा मुख्य हुकूम मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनकडून येत असल्याने मिठाचा हिशेबही बराचसा शाबूत राहतो. निदानाला एसीटीएचची २५० मायक्रोग्रॅमची सुई देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसोल मोजतात. ग्रंथी धड असेल तर ती उसळी घेते.

अपुरेपणाची तिसरी वाट माणसानेच काढलेली आहे, आणि थकव्याच्या गप्पांत तीच हरवते. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतली की बाहेरच्या स्टेरॉइडचा लगाम वर बसतो, हुकूम थांबतो आणि बाह्यक रोडावतं. गोळी एकदम तोडली तर ग्रंथी ऐन वेळी जागी होत नाही. म्हणून मात्रा पायरीपायरीने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवायची, ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण २० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसोल), हा हिशेब त्यासाठीच असतो. प्राथमिक अपुरेपणात प्रौढाला हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला १५ ते २५ मि.ग्रॅ. लागतं. ते दोन-तीन भागांत घेतात, मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर. जोडीला अल्डोस्टेरॉनची जागा भरून काढणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट करायचं. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरतच नसेल तर वाट न पाहता १०० मि.ग्रॅ. हायड्रोकॉर्टिसोनची सुई आणि लगोलग रुग्णालय.

अशा रुग्णाने खिशात कार्ड बाळगायचं असतं. त्यावर ‘अधिवृक्क थकवा’ लिहिलं, तर बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी उभा असलेला डॉक्टर ते बाजूला ठेवील. ‘अधिवृक्क अपुरेपणा, स्टेरॉइडवर अवलंबून’ असं वाचलं, तर तो आधी सुई भरील. तिथे वृक्क एका क ने लिहिलं तरी चालेल.