वाचकांचे प्रश्न: जामीनकीची सही करावी का?

प्रश्न: आमच्या मंडळीतला (चर्चमधला) एक भाऊ पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढतोय. दोन जामीनदार लागतात, त्यातला एक मी व्हावं असं तो म्हणतो. माणूस चांगला आहे, रविवार चुकवत नाही. मागेल त्याला दे, असं प्रभूनेच सांगितलंय. मग नाही कसं म्हणू? (एक वाचक, जालना)

उत्तर: तुम्ही म्हणता ते वचन, बायबलमधलं मत्तय 5:42, देण्याबद्दल बोलतं. तुमच्या खिशात आहे ते द्या. जामीनकीत मात्र खिशातलं काहीच जात नाही. पुढच्या तीन वर्षांचा पगार तुम्ही लिहून देता आणि त्या पगारावर बायको-मुलांचाही हक्क असतो. म्हणून जे पवित्र शास्त्र हात सैल सोडायला सांगतं, तेच नीतिसूत्रांत जामीन राहण्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावतं: 6:1-5, 11:15, 17:18, 20:16, 22:26-27. शेवटच्या ठिकाणी तर सरळच विचारलंय, फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण का जावं?

याचा अर्थ जामीनकी पाप आहे असा नाही. धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, यहूदा बापाला जामीन राहिला (उत्पत्ती 43:9) आणि वेळ आली तेव्हा त्याच्या जागी गुलाम व्हायला उभा राहिला. पौलानेही अनेसिम या दासाचं देणं आपल्या नावावर मांडायला सांगितलं आणि स्वहस्ते लिहिलं की मी फेडीन (फिलेमोन 18-19). दोघांनीही भरपाई आपल्यालाच करावी लागेल असं धरून शब्द दिला. ‘नुसती सही तर करायचीय’ हे वाक्य त्यांच्यात कुठेच सापडत नाही.

कायदाही तसंच धरतो. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. दोन जामीनदार आहेत म्हणून संस्थेसमोर तुमचा वाटा निम्माही होत नाही. तुमच्या सिबिलमध्ये (कर्जांच्या नोंदींच्या अहवालात) ही जामीनकी दिसू शकते, तसं झालं तर उद्या तुम्हाला घरासाठी कर्ज हवं असेल तेव्हा ती आडवी येऊ शकते.

तेव्हा सहीआधी कागद-पेन घ्या. तीन लाख, 36 महिने, 12 टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण 9,964 रुपये. तुमचा घरखर्च, फी, स्वतःचे हप्ते, दशमांश (मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा) वजा करून महिन्याला एवढे उरतात का? लूक 14:28 मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, तो हाच. त्या भावाची पगारचिठ्ठी, त्याची इतर कर्जं, आणि हे पैसे कशाला हवेत, हे विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच आहे. रविवार न चुकवणं ही भक्तीची खूण असेल, पण परतफेडीची ऐपत त्यातून कळत नाही. मग घरात जोडीदाराशी बोला. कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या चेकवर सही कुणालाही देऊ नका, अगदी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) शिफारस केली तरी.

नाही म्हणायचं तर त्याच दिवशी म्हणा. ‘बघतो, प्रार्थना करतो’ म्हणत महिना काढला की समोरचा दुसरा जामीनदार शोधत नाही आणि शेवटी भिडेखातर सही होते. असं सांगा: ‘भाऊ, कर्जाच्या कागदावर सही करायची नाही असं आम्ही घरात ठरवलंय. पण मुलीच्या फीसाठी पाच हजार देतो, ते परत नकोत.’ मत्तय 5:42 इथे पाळलं जातं.

प्रश्न: सही दोन वर्षांपूर्वीच केली. आता कर्जदाराने दोन हप्ते थकवलेत, फोनही उचलत नाही. काय करू? (एक भगिनी, सोलापूर)

उत्तर: नीतिसूत्रे 6 नेमकं तुमच्यासाठी आहे. तिथे शब्द मोडायला सांगितलेलं नाही. झोप बाजूला ठेवून जा, नमतं घ्या, पाठपुरावा करा, असं सांगितलंय. म्हणजे या आठवड्यात हे करा: पतसंस्थेत जाऊन खातेउतारा मागा आणि थकबाकी, दंडव्याज लेखी घ्या. मग मंडळीतल्या एका ज्येष्ठ पुढाऱ्याला सोबत घेऊन कर्जदाराच्या घरी जा आणि तारखांसह हप्त्यांचा लेखी वायदा घ्या. दुसरा जामीनदार देऊन तुम्हाला मोकळं करता येईल का, हे संस्थेला अर्ज करून विचारा. संस्थेची संमती मात्र लागतेच.

झेपत असेल तर थकलेले हप्ते भरून टाका, कारण हप्ते फार काळ थकले की खातं अनुत्पादक (थकीत कर्जाचं) ठरतं. पण पैसे कर्जदाराच्या हातात देऊ नका. थेट कर्जखात्यात भरा आणि पावतीवर ‘जामीनदाराकडून’ असं लिहून घ्या. हीच पावती पुढे करार कायद्याच्या कलम 145 खाली त्याच्याकडून भरपाई मागायला उपयोगी पडते. तुम्ही तुमच्या वाट्यापेक्षा जास्त भरलं तर दुसऱ्या जामीनदाराकडूनही हिस्सा मागता येतो (कलम 146).

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लाजेपोटी. नोटीस उशीखाली ठेवली जाते, सुनावणीला कुणी जात नाही, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960च्या कलम 101 खाली वसुली दाखला (वसुलीचा अधिकृत आदेश) एकतर्फी निघतो. मग जप्ती तुमच्या दारातही येऊ शकते. सुनावणीला जा, भरलेल्या पावत्या दाखवा.

प्रश्न: मंडळीतल्या भावाला 20,000 हातउसने दिले, दोन वर्षं झाली. कोर्टात जाऊ नये असं 1 करिंथ 6 सांगतं. मग सोडून द्यायचे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सोडायचे असतील तर मनापासून सोडा आणि त्याला तसं सांगा. मागायचे असतील तर मत्तय 18:15-17 चा क्रम घ्या: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. तो खरंच गरीब असेल तर व्याज मागू नका (निर्गम 22:25). मात्र एक तारीख ध्यानात ठेवा. हातउसन्या पैशाच्या दाव्याची मुदत साधारण पैसे दिल्यापासून तीन वर्षं असते. ती संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं कबूल केलं तर मुदत नव्याने मोजतात. अशी चिठ्ठी घेणं म्हणजे कोर्टात जाणं नव्हे. दोन ओळी पुरतात: अमुक तारखेला 20,000 रुपये घेतले, ते देणे आहे, दरमहा 2,000 प्रमाणे फेडीन, खाली सही आणि आजची तारीख.