स्टारबक्ससारखी कॉफीच्या दुकानांची वाढती साखळी एकदम शेकडो दुकानं बंद करते, म्हणजे कंपनी बुडायला आली असं समजायचं का?

लगेच तसं समजू नका. किती बंद झाली यापेक्षा कुठली बंद झाली ते आधी बघा. मी रिटेलमध्ये हिशेबाच्या बाजूला आहे. नव्या शाखेचा प्रस्ताव आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: गिऱ्हाईक खरंच नवं मिळणार, की आपल्याच शेजारच्या शाखेतलं इकडे सरकणार?

स्टारबक्सचं 2008 चं प्रकरण बघा. 1992 मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा कंपनीची दोनशेसुद्धा दुकानं नव्हती. 2007 मध्ये 15,000 झाली. एकूण उलाढाल दरवर्षी वाढत होती, त्यामुळे वरवर सगळं आलबेल. पण दुकानं उघडत राहिलात तर उलाढाल वाढणारच, जुन्या दुकानाचा गल्ला वाढतोय का ते महत्त्वाचं. नोव्हेंबर 2007 च्या निकालात अमेरिकेतल्या दुकानांत येणारी गिऱ्हाइकं घटलेली दिसली. बाळसं वाटत होतं ती सूज निघाली.

जानेवारी 2008 मध्ये कंपनी मोठी करणारे हॉवर्ड शुल्ट्झ सीईओ म्हणून परत आले आणि जुलैत अमेरिकेतली 600 दुकानं बंद करायचं जाहीर झालं. त्यातली सुमारे 70 टक्के तीन वर्षांच्या आत उघडलेली! मंदी होती हे खरं, पण सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. जागा निवडतानाच घाई झाली होती. ऑस्ट्रेलियात तर 84 पैकी 61 दुकानं गुंडाळली. तिथे इटालियन स्थलांतरितांमुळे उत्तम एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढलेली कडक कॉफी) कोपऱ्यावरच्या कॅफेत आधीपासूनच मिळत होती.

घाईचा दुसरा परिणाम दुकानाच्या आत होतो, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. फेब्रुवारी 2007 मध्ये, म्हणजे सीईओ म्हणून परतण्याआधी, शुल्ट्झनी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक अंतर्गत पत्र बाहेर फुटलं. त्यात तक्रारी अगदी बारीकसारीक होत्या. ऑटोमॅटिक मशीन इतकी उंच, की कॉफी करणारा माणूस गिऱ्हाइकाला दिसेना. कॉफी हवाबंद पाकिटातून यायला लागली आणि दुकानातला घमघमाट गेला. यातला एकेक निर्णय कागदावर बरोबरच होता, वेळ वाचत होता. सगळे एकत्र आले तेव्हा दुकानाचा जीवच गेला. म्हणून 26 फेब्रुवारी 2008 च्या संध्याकाळी अमेरिकेतली सुमारे 7,100 दुकानं काही तास बंद ठेवून कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो कशी काढायची ते पुन्हा शिकवलं. नंतर बुटकी मशीनही आली.

सप्टेंबर 2025 मध्ये स्टारबक्सचे सीईओ ब्रायन निकोल यांनी जाहीर केलेली पुनर्रचनाही याच नजरेने वाचा: नवी उघडलेली धरून उत्तर अमेरिकेतली जेमतेम एक टक्का दुकानं कमी आणि कार्यालयातल्या सुमारे 900 नोकऱ्या गेल्या. नोकरी गेलेल्यांसाठी हा आकडा लहान नाही, पण कंपनी बुडण्याची ही लक्षणं नव्हेत.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर तिमाही निकालात सेम-स्टोअर सेल्सची, म्हणजे नवी दुकानं वगळून जुन्या दुकानांच्या विक्रीची ओळ शोधा. त्यात गिऱ्हाइकांची संख्या आणि सरासरी बिल वेगवेगळं दिलेलं असतं. नुसत्या बिलामुळे आकडा वर गेला असेल तर ती वाढ फार दिवस टिकत नाही. गंमत म्हणजे, हाच आकडा यापुढे जाहीर करणार नाही असं शुल्ट्झनी 2008 मध्ये सांगितलं होतं. त्याच्यामागे धावताना दुकानं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे, पण आकडा लपवणं मला पटलेलं नाही.