पायात उतरणारी कळ : तपासणी की एमआरआय?

प्रश्न : तीन आठवड्यांपासून कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, गुडघ्यावर व घोट्यामागे हातोडीने ठोकले आणि ‘सायटिका (कमरेतून पायात जाणाऱ्या नसेचे दुखणे) आहे, एमआरआयची आत्ता गरज नाही’ असे सांगितले. आतले काही न पाहता केलेल्या निदानावर विसंबून राहावे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु डॉक्टरांनी जे पाहिले, ते एमआरआयला दिसत नाही. दोन मणक्यांमधली गादी कुठे सरकली आहे हे एमआरआयचे चित्र दाखवते, पण नस काम करते आहे की नाही, हे हाताने तपासूनच कळते. अंगठ्याकडे जाणारी कळ, पावलाच्या वरच्या भागातील बधिरता आणि अंगठा वर उचलण्यातील अशक्तपणा एकत्र आढळल्यास कमरेच्या पाचव्या नसेकडे बोट जाते. घोट्यामागे हातोडीने ठोकल्यावर पावलाला बसणारा झटका मंदावला आणि चवड्यावर उभे राहणे अवघड झाले, तर तिच्या खालच्या नसेकडे. उताणे झोपवून सरळ पाय उचलताना ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली उतरणे, हीही महत्त्वाची खूण आहे. मात्र नस दबलेली नसतानाही ती कधी आढळते. उलट चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर नस दबल्याची शक्यता फार वाढते.

चित्राचीही मर्यादा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली आढळली. म्हणून अहवालातील ‘गादी फुगली आहे’ हे वाक्य वाचून अनेकजण विनाकारण घाबरतात, याचे मला फार वाईट वाटते. गादीचा दोष तपासणीत सापडलेल्या नसेशी आणि बाजूशी जुळला, तरच त्याला अर्थ येतो. (साध्या एक्स-रेमध्ये तर नस आणि गादी दिसतच नाहीत.)

बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते. सुमारे सहा आठवड्यांनंतरही ती असह्य राहिली आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, तर एमआरआय जरूर करावा. पायाची ताकद कमी होत गेली, कर्करोगाचा पूर्वेतिहास असला किंवा सोबत ताप आला, तर तोवर थांबू नये. आणि लघवी अडली, शौचावरील ताबा सुटला किंवा जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.