१८४४६७४४०७३७०९५५१६१५ चे मूळ अवयव कसे काढायचे?

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. तुम्ही विचारलेली संख्या म्हणजे २^६४ − १, बुद्धिबळाच्या पटावर घराघरात दुप्पट ठेवत गेलेल्या दाण्यांची एकूण बेरीज. शाळेतलं अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) पुन्हापुन्हा लावलं की ती सुटते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. शेवटचीही, म्हणजे २^३२ + १, मूळच असावी असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिचे अवयव दाखवले: ६४१ × ६७००४१७. हे दोन्ही मूळ.

६४१ ने भाग का जातो, ते मला फार सुंदर वाटतं. ६४१ = ५×२^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. ६४१ ने भागून बाकी पाहायची झाली तर ५×२^७ म्हणजे −१ (६४१ ला एक कमी). चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला नि:शेष भाग जातो! कागदावर एकदा स्वतः करून बघाच.

एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच; विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २^७ = १२८.