मणक्याचे ऑपरेशन : थांबायचे कधी, धावायचे कधी

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ४६. दोन महिन्यांपूर्वी पोते उचलताना कंबरेत लचक भरली. आता उजव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलापर्यंत कळ जाते. एमआरआयच्या अहवालात एल४-एल५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकून नस दबली आहे आणि वर दोन ठिकाणी बल्ज (गादीचा फुगवटा) आहे, असे लिहिले आहे. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे थांबा म्हणतात. — वाचक, बार्शी

उत्तर : वरचे दोन बल्ज विसरून जा. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांतही शंभरात तीस जणांना असा बल्ज दिसतो, ऐंशीच्या घरात तर चौऱ्याऐंशी जणांना. बघायचे ते पायाकडे. यजमानांना टाचांवर दहा पावले चालायला सांगा. उजवा चवडा वर धरता आला नाही, किंवा तुम्ही बोटाने दाबलेला पायाचा अंगठा वर उचलता आला नाही, तर नस अशक्त झाली आहे. चालताना चप्पल नकळत निसटते, ही तक्रारही त्यातलीच. ही कमजोरी वाढत असेल तर थांबू नये.

नुसती कळ असेल तर सहा ते बारा आठवडे औषधे, बेताची हालचाल आणि व्यायाम करून पाहावेत. बहुतेकांची कळ तेवढ्यात उतरते, कारण बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते. गंमत म्हणजे मोठा, सुटा झालेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त शोषला जातो. दुखणे उताराला लागले असेल तर आणखी महिनाभर कळ काढावी. रात्रीची झोप उडाली असेल, कामाला जाता येत नसेल, तर मायक्रोडिस्केक्टमी (सरकलेला तुकडा छोट्या छेदातून काढणे) हा रास्त मार्ग आहे.

त्यात रुग्णाला पालथे झोपवून आधी एक्स-रेवर मणका नक्की करतात. ही पायरी गाळली की शेजारचाच मणका उघडला जाऊ शकतो. दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली थोडे हाड आणि पिवळा अस्थिबंध काढतात, नस अलगद बाजूला सारतात आणि सरकलेला तुकडा चिमट्याने ओढून घेतात. अख्खी गादी काढत नाहीत, म्हणूनच शंभरात पाच-दहा जणांना त्याच जागी पुन्हा तुकडा सरकतो. पायातली कळ बहुधा लगेच जाते, बधिरपणा रेंगाळतो. कंबरदुखी जाईलच असे नाही. फक्त कंबर दुखते म्हणून हे ऑपरेशन करूही नये. पहिल्यांदाच गादी सरकली असताना कोणी स्क्रू बसवायला सांगितले, तर वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेत मणका घसरतो का, हे जरूर विचारा.

घरी आल्यावर सहा आठवडे वाकून काही उचलू नये. जखमेतून पाण्यासारखा स्राव आला, किंवा उभे राहताच डोके ठणकून आडवे होताच थांबले, तर मज्जारज्जूभोवतीचे आवरण फाटून पाणी झिरपत असावे. त्याच दिवशी दाखवा.

आणि एक : लघवी तुंबली, किंवा सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला की लघवी-शौचाचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : धाकटा भाऊ महिन्यापूर्वी आंब्याच्या झाडावरून पडला. चौघांनी हातपाय धरून रिक्षात घातला. पाठीचा बारावा मणका मोडला होता. दुसऱ्या दिवशी स्क्रू-रॉड टाकले, पण पाय हलत नाहीत. ऑपरेशन फसले का? स्टेम सेलने फरक पडेल का? — वाचक, देवगड

उत्तर : फसले असे यावरून म्हणता येत नाही. मोडलेला मणका घट्ट करणे आणि मज्जारज्जूवरचा दाब काढणे, एवढेच ऑपरेशनच्या हातात असते. शक्यतो चोवीस तासांत करतात, ते जास्तीची इजा टाळण्यासाठी. पडताक्षणी चिरडलेला भाग स्क्रूने जुळत नाही. डॉक्टरांना विचारा : गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, तपासणाऱ्या बोटाभोवती आवळता येते का? यातले काही शिल्लक असेल तर इजा अर्धवट आहे, म्हणजे मज्जारज्जूचा काही भाग शाबूत आहे, आणि आशा बरीच जास्त. शिवाय बाराव्या मणक्यापाशी मज्जारज्जूचे टोक आणि पायाकडे जाणाऱ्या नसा शेजारी असतात. नसा मज्जारज्जूपेक्षा चांगल्या सावरतात. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वेग मंदावतो.

स्टेम सेलसाठी जमीन विकू नका. या दुखण्यावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर तो करूही नये. पैसे घ्यावेत कोणी, तर फिजिओथेरपिस्टने.

आता खरा धोका मूत्रपिंडाला आणि कातडीला आहे. लघवी थेंबथेंब गळू लागली की घरचे ‘ताबा आला’ म्हणून खूश होतात. पुष्कळदा मूत्राशय तुडुंब भरून ते नुसते ओसंडत असते. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करायला शिका. एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी निघाली तर दोन वेळांमधले अंतर कमी करा. दर दोन तासांनी कूस बदला आणि रोज माकडहाड, टाचा, खुबे आरशात पाहा. दाबूनही न जाणारा लालसर डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे हे सारे शिकवतात.

पुढे कधी कोणी असा पडला, तर डोके-मान एकाने धरावी, इतरांनी सगळे अंग एकाच वेळी वळवून फळीवर घ्यावे. पाणी पाजू नये. १०८ला फोन करावा.

प्रश्न : आईला (६८) ब्लाउजची बटणे लावता येत नाहीत, चालताना तोल जातो. मानेत मज्जारज्जू दबलाय म्हणतात. पण मान दुखतच नाही, मग ऑपरेशन कशाला? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : मज्जारज्जू दबला तरी दुखेलच असे नाही, म्हणून तर उशीर होतो. आईला दहा सेकंदांत मूठ भराभर उघडझाप करायला सांगा. वीसच्या आसपास जमायला हवी. बारा-चौदावर अडकत असेल तर हात मंदावले आहेत. ऑपरेशनने बिघाड थांबतो, गेलेले सगळे परत येईल असे नाही; त्यामुळे वाट पाहण्यात तोटाच. एक-दोन गाद्यांपाशी दाब असेल तर ऑपरेशन बहुधा गळ्याच्या पुढून करतात, तीन किंवा जास्त ठिकाणी असेल तर बरेचदा मागून. पुढून केल्यावर काही दिवस गिळताना त्रास होतो, आवाज बसतो. पण पहिल्या रात्री गळा फुगून श्वास अडकू लागला तर लगेच नर्सला हाक मारा, आत रक्त साठलेले असू शकते.

तोपर्यंत मानेला मालीश नको, कोणाकडून मान कडकडून मोडून घेणे तर मुळीच नको. आणि आई मिश्री लावत असतील तर आजच बंद करा : त्यातल्या निकोटीनमुळे ऑपरेशननंतर हाड जुळायला वेळ लागतो.