लातूरहून गाडीत टाकून नेता येईल अशी मोठी परावर्तक दुर्बीण कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की साडेचार इंची दुर्बिणीतून पाच वर्षं बघून झालं, आता मोठी आणि चांगली परावर्तक दुर्बीण हवी आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी छोटी, आणि मनात १२ इंची (म्हणजे १२ इंच व्यासाच्या मुख्य आरशाची) भरली आहे. मीही लातूरचाच. दुसऱ्या मजल्यावरून १२ इंची दुर्बीण खाली उतरवण्याचा अनुभव माझ्या खांद्यांना आहे, म्हणून मत आधी सांगतो: १० इंची, दांड्यांची (ट्रस) डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या खोक्यावर बसणारी परावर्तक दुर्बीण घ्या, आणि बजेटमधला जास्तीत जास्त पैसा आरशात जाऊ द्या. लाकूडकाम, कापड, नटबोल्ट हे सगळं लातुरात दुरुस्त होतं, नव्यानं बनतंही. आरसा मात्र जसा येतो तसाच राहतो.

१२ इंचाचा मोह मला कळतो. प्रकाश किती गोळा होणार हे आरशाच्या क्षेत्रफळावर ठरतं. ८ इंची आरशाला १ धरलं तर १० इंचीला साधारण १.५६ आणि १२ इंचीला २.२५ मिळतात. हा हिशोब करूनच मी अखंड नळीची १२ इंची घेतली होती. नळी जवळजवळ दीड मीटर लांब, उचलायला दोन माणसं लागायची. पहिल्या महिन्यात चार वेळा शहराबाहेर नेली, नंतर ती गच्चीवरच राहिली. गच्चीवरून चंद्र आणि गुरू सुंदर दिसायचे, दीर्घिका मात्र शहराच्या उजेडात विरघळून जायच्या. मग एका मित्राच्या ८ इंचीतून औशाच्या पुढे एका शेतात एम ५१ ही सर्पिल दीर्घिका बघितली. माझ्या १२ इंचीतून गच्चीवर जिथे दोन पुसट ठिपके दिसत होते, तिथे वळणाऱ्या भुजांची चाहूल लागली. त्या रात्री ठरवलं की आपली दुर्बीण प्रवास करणारी हवी, आणि पुढे १० इंचीवर आलो.

म्हणून खरेदीआधी एक गोष्ट करून बघा. २० किलोचं तांदळाचं पोतं रात्री दहाला दोन मजले उतरवा आणि पहाटे तीनला, झोप डोळ्यांवर असताना, परत वर चढवा. जेवढं वजन न कुरकुरता एकट्याने जमलं, तेवढा तुमच्या दुर्बिणीचा सगळ्यात जड तुकडा असावा. एकूण वजनाच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. माझी मर्यादा १८ ते २० किलो निघाली.

बाजारात यासाठी दोन तऱ्हा आहेत. एक सरकत्या दांड्यांची, स्काय-वॉचरच्या फ्लेक्सट्यूबसारखी. तिचं १० इंची मॉडेल १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचं (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) आहे, १२ इंची १५०० चं. जागेवर गेल्यावर दांड्या ओढल्या की दोन मिनिटांत तयार. पण आरसा, खालची नळी आणि दांड्या हा सगळा एकच गठ्ठा असतो आणि खालचं खोकं वेगळं, तेही बोजड. दुसरी पूर्ण सुटी होणारी, एक्स्प्लोअर सायंटिफिकच्या अल्ट्रा लाइटसारखी: आरशाची पेटी, वरची कडी आणि दांड्यांचा जुडगा. जोडायला पंधरा मिनिटं लागतात, पण मागच्या सीटवर बसते आणि जिन्यात तीन फेऱ्यांत उतरते. तुमच्या घराला आणि गाडीला ही दुसरी तऱ्हा योग्य.

पायाच्या खोक्याकडे नीट बघा. बरीच खोकी पार्टिकल बोर्डाची असतात. माझं पहिलं तसंच होतं. जुलैत खिडकीजवळ ठेवलं, कडेनं ओल शिरली आणि ते असं फुगलं की फिरताना खरखर घासायला लागलं. मग ओळखीच्या सुतार मिस्त्रींकडून १८ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायवूडचं नवीन करून घेतलं. जिथे फिरतं तिथे खरबरीत सनमायका आणि खाली टेफ्लॉनचे तीन तुकडे, बस. बोटाने ढकलली की सरकते, सोडली की थांबते. ही युक्ती मुळात जॉन डॉब्सन यांच्या परंपरेतली. सॅन फ्रान्सिस्कोत ते जहाजांच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून आरसे करत आणि प्लायवूडच्या खोक्यात बसवून लोकांना फुटपाथवरून आकाश दाखवत. लातूरच्या मिस्त्रींना नकाशा काढून दिला तर हे काम अगदी आवाक्यातलं आहे.

आणखी एक मुद्दा, जो परदेशी परीक्षणांत क्वचित सापडतो. आपण साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. म्हणजे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे क्षितिजापासून सुमारे २४ अंश वर येतो. युरोपात बहुतेकांना तो दिसतच नाही. शेजारची सेंटॉरस ए दीर्घिका २८-२९ अंशांपर्यंत येते. हा दक्षिणेचा खजिना बघायला नळी बरीच खाली झुकवावी लागते, आणि हलक्या ट्रस दुर्बिणीला जड दोन इंची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की तोंड आपोआप खाली जायला लागतं. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट विचारा: २० अंशांवर, जड आयपीस लावून, दुर्बीण जागेवर टिकते का? नसेल तर घर्षण वाढवायचा स्क्रू किंवा मागे वजन लावायची सोय आहे का? आणि दक्षिण बघायची तर शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे लातूरचा उजेड पाठीमागे राहतो. तिकडून माझ्या आईनं पहिल्यांदा ओमेगा सेंटॉरी बघितला आणि म्हणाली, "काळ्या घोंगडीवर ज्वारीचं पीठ सांडलंय की." बराच वेळ ती आयपीसला डोळा लावून उभी होती. १० इंचीत तो खरोखर तसाच दिसतो, मध्यापर्यंत सुटे सुटे कण.

आता आरसा. जाहिरातीत "डिफ्रॅक्शन लिमिटेड" लिहिलेलं असतं. त्याचा साधा अर्थ असा की आरशावरून परतलेल्या प्रकाशलहरीतली चूक पाव तरंगलांबीच्या आत, म्हणजे सुमारे १४० नॅनोमीटरच्या आत आहे. हे घरी मोजता येत नाही, पण परीक्षा घेता येते. आरसा निवल्यावर, हवा स्थिर असताना, मोठ्या आवर्धनाखाली एक मध्यम तेजाचा तारा घ्या आणि फोकस थोडा आत, मग तेवढाच बाहेर न्या. दोन्हीकडची कड्यांची चकती सारखी दिसली तर आरसा चांगला. एका बाजूला लंबगोल आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा दिसला तर आरशाच्या चिमट्यांकडे आधी बघा. प्रवासासाठी ते आवळून पाठवलेले असतात आणि काच पिळली जाते. माझ्या १० इंचीचा "खराब आरसा" चिमट्यांचे स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर बरा झाला. सैल करूनही फरक पडला नाही, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बोला. जुनी घेत असाल तर ही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका.

निवणं हा आपल्याकडे मोठा विषय आहे. मे महिन्यात दिवसा ४० अंश तापलेल्या गाडीतून आलेला आरसा रात्री २५ अंशांच्या हवेत तासभर तरी उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी प्रतिमा देतो. १२ इंचीची जाड काच त्याहून जास्त वेळ घेते. मागे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावा आणि दुर्बीण अंधार पडायच्या आधीच बाहेर काढा. उन्हात मात्र आरसा क्षणभरही उघडा ठेवू नका. सूर्य त्याच्या समोर आला तर कापड पेटू शकतं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

ट्रस दुर्बीण उघडी असते, त्यामुळे काळ्या कापडाची खोळ शिंप्याकडून शिवून घ्या. सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा शेतात दुर्बीण उघडूच नका, तो भुसा आरशावर बारीक थर धरतो. हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, हवा स्वच्छ असते आणि शेतात लोकही असतात. आरसा वर्षातून एकदा धुतला तरी पुरे, आणि शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून डाग धरतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि काच चोळू नका.

बाकी थोडक्यात. मोटर नको, तो पैसा आरशात घाला. जोडणीनंतर दर वेळी आरसे जुळवावे लागतील, म्हणून एक चेशायर (आरसे जुळवायचं साधं साधन) घ्या. सवय झाली की पाच मिनिटांचं काम. एफ ५ च्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) आसपासच राहा, त्याहून कमी गुणोत्तराला कडेचे तारे शेपट्या काढतात आणि त्यावर महाग दुरुस्ती-भिंग घ्यावं लागतं. सुरुवातीला दोन आयपीस पुरतात, एक २५ मिलिमीटरच्या आसपासचा आणि एक ८-१० चा.

ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन गाडीचं मागचं दार उघडा. डिकी किती मोठी आहे त्यापेक्षा दाराचं तोंड किती रुंद आहे ते मोजा. आरशाची पेटी तिथेच अडते.